घंटा, मनोरा आणि लाकूड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत रायपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या नावापुढे ‘लाकडी घंटामनोरा’ हा विषय वाचून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, फार तर निवृत्तिवेतनाचे नियम यांवर आम्ही बोलू, ही अपेक्षा रास्त होती. आम्ही स्थापत्यविशारद नाही. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि तेव्हापासून कागदांवर सह्या करीत आलो. तरीही हा विषय आम्ही हट्टाने मागून घेतला. त्याचे कारण आमच्या हातून घडलेली एक चूक हे आहे, आणि ती चूक चारचौघांत सांगितल्यावाचून मनाला स्वस्थता लाभणार नाही असे वाटू लागले आहे.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. सारी वसाहत त्यांना गुरुजी म्हणते. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती कुटुंबातले. रेव्हरंड टिळक हा त्यांचा अभिमानाचा विषय. नारायण वामन टिळक १८९३ साली आगगाडीने राजनांदगावला निघाले होते, त्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ही हकीकत ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. ते राजनांदगाव आपल्या रायपूरपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर. ‘‘आमच्या मंडळींची वाट इथूनच गेली, साहेब,’’ असे गुरुजी नेहमी म्हणतात.

शहराबाहेर त्यांचे एक लहानसे प्रार्थनामंदिर आहे. तेथे सुमारे दोनशे किलो वजनाची एक जुनी घंटा लोखंडी अँगलच्या घोडीवर टांगलेली होती. घोडीचे पाय गंजले, तेव्हा नवे काही करावे अशी चर्चा निघाली. सिमेंटचे खांब कुणालाच आवडेनात. गुरुजींनी आमचे मत विचारले. नोकरीत काही काळ इमारती लाकडाच्या खरेदीच्या फायली आमच्या टेबलावरून गेल्या होत्या. तेवढ्या पुंजीवर आम्ही मोठ्या अधिकाराने सांगितले, ‘‘गुरुजी, छत्तीसगडात राहून लोखंड कशाला? सालाचे लाकूड घ्या. सालाला काही होत नाही.’’

श्रावणात लाकूड आले, नाताळच्या आत मनोरा उभा राहिला. घंटा खणखणीत वाजू लागली. पुढच्या मे महिन्यात एका रविवारी बारातेरा वर्षांचा एक मुलगा दोर ओढीत असताना वरचा एक तिरपा टेकू आपल्या खाचेतून सुटला आणि त्याच्यापासून दोन हातांवर येऊन पडला. मुलाला इजा झाली नाही. घंटा त्याच संध्याकाळी उतरवून ओसरीवर विटांच्या थरावर ठेवण्यात आली. गुरुजींनी आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. ‘‘घंटा खाली ठेवली की घरात कुणी आजारी असल्यासारखे वाटते,’’ एवढेच म्हणाले. ते वाक्य आम्हांला बोलण्यापेक्षा लागले.

मग आम्ही वाचू लागलो, जाणत्यांना विचारू लागलो. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली गोष्ट अशी, की चर्चची घंटा टांगण्याचा प्रश्न मराठी माणसाला अगदीच परका नाही. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि तिकडच्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ साल कोरलेली घंटा, भीमाशंकरची घंटा, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावरची घंटा या सगळ्या त्याच वंशाच्या. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, १७०७ साल आहे आणि तिचे वजन सुमारे साडेसहाशे किलो सांगतात. आपल्यापैकी कित्येकांनी या घंटांना हात जोडले असतील. पण त्या देवळात आल्यावर त्यांच्या टांगणीत काय बदल झाला, याचा विचार आम्ही तरी कधी केला नव्हता.

देवळातली घंटा जागची हलत नाही. आपण हात उंचावून तिची जीभ हलवतो, जीभ काठावर आपटते आणि नाद होतो. म्हणजे वरच्या तुळईने काय करायचे, तर नुसते वजन पेलायचे. युरोपातल्या चर्चच्या रिवाजात घंटाच आडव्या दांड्यावर बसवून झोपाळ्यासारखी डोलवतात. जीभ मागाहून येऊन तिला गाठते. नादाला त्यामुळे एक लय येते, तो दूरवर पसरतो. पण झोपाळ्यावर जोराने झोके घेणाऱ्या पोराच्या वेळी माळवदाचे कडीपाट कसे करकरतात, हे ज्यांनी वाड्यात बालपण काढले त्यांना सांगावयास नको. डोलणारी घंटा आपल्या आधाराला दर झोक्याला एकदा इकडे व एकदा तिकडे ढकलते. इंग्लंडात घंटा पूर्ण चक्राकार उलटी फिरवून वाजवण्याची पद्धत आहे. तीत आडवा रेटा घंटेच्या वजनाच्या दुपटीपर्यंत आणि खालचा दाब चौपटीपर्यंत जातो. मेणवलीची घंटा त्या रीतीने वाजवायची म्हटली, तर दर झोक्याला तेराशे किलोंचा आडवा धक्का सोसणारी चौकट लागेल. घाटावर ती शांतपणे लटकते आहे हेच बरे.

पुण्याच्या गुरुवार पेठेतले पंचहौद चर्च आपल्या इतिहासात भलत्याच कारणाने गाजले. १८९० साली त्या मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानडे, टिळक प्रभृतींवर ग्रामण्य उभे राहिले. चहाची गोष्ट सर्वांना ठाऊक. पण तेथल्या सुमारे १३० फूट उंचीच्या मनोऱ्यात इंग्लंडमधल्या लफबरो गावच्या टेलर यांच्या ओतशाळेतून आलेल्या आठ घंटांचा संच आहे, हे पुण्यात जन्म काढलेल्यांनाही पुष्कळदा माहीत नसते.

गोव्याची हकीकत अधिक बोलकी आहे. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा मठ १६०२ साली पुरा झाला. जांभ्या दगडाचा त्याचा मनोरा ४६ मीटर उंच होता. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केले, मठ ओस पडला, १८४२ साली आतली कमान कोसळली आणि १९३१ साली मनोऱ्याचा अर्धा भाग दर्शनी भिंतीसह खाली आला. उरलेला अर्धा आजही उभा आहे. त्याची घंटा मात्र तोवर सुरक्षित स्थळी गेली होती. काही काळ ती आग्वादच्या दीपगृहात होती, आणि १८७१ साली पणजीच्या चर्चवर चढली. तिचे वजन सव्वादोन टन आहे. दगडी मनोरा कोसळला आणि घंटा दुसऱ्या घरी नांदते आहे. घंटा आपल्या घरापेक्षा जास्त जगते, हे ध्यानी घेऊनच घराची आखणी केली पाहिजे. देखभाल थांबल्यावर दगडही उभा राहत नाही. मग लाकडाची कथा काय?

आणि तरीही लाकडाचे उंच मनोरे जगात आहेत. फिनलंड-स्वीडनकडे चर्चपासून सुटा उभा लाकडी घंटामनोरा हा जुना रिवाज आहे. स्वीडनच्या अगदी उत्तरेकडील किरुना गावचे १९१२ सालचे लाकडी चर्च खाणीमुळे जमीन खचू लागल्याने ऑगस्ट २०२५ मध्ये अखंड उचलून पाच किलोमीटर दूर नेले. ६७२ टनांचा तो बोजा होता. दगडाच्या इमारतीला हे भाग्य क्वचितच लाभते. पोलंडमधील ग्लिविचे येथे १९३५ साली उभारलेला नभोवाणीचा मनोरा लार्च लाकडाचा असून शंभर मीटरांहून उंच आहे, त्याचे सांधे पितळी बोल्टांनी जोडलेले आहेत, आणि तो अजून उभा आहे. आपल्याच देशात हिमाचलात बंजारजवळ चैहणी कोठी हा देवदाराच्या तुळया आणि दगडाचे थर आलटून पालटून रचलेला मनोरा आहे. १९०५ च्या कांगडा भूकंपात त्याचे वरचे मजले गेले, बाकीचा टिकला. आणि शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यावरचा लाकडी नगारखाना? चौघडा झडायचा तो लाकडाच्याच मजल्यावर. उंचावरून नाद पोचवण्यासाठी लाकूड वापरण्यात मराठी माणसाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

मधल्या काळात लाकडाचे शास्त्रही पुढे गेले. अखंड झाडाचे खोड मिळेल तेवढीच तुळई, ही मर्यादा आता उरली नाही. जर्मनीतील वायमारच्या ओटो हेट्झर याने १९०६ साली पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून वक्र तुळई करण्याचे पेटंट घेतले. तीच रीत सुधारत जाऊन नॉर्वेत २०१९ साली ८५ मीटर उंचीची लाकडी इमारत उभी राहिली. आपल्याकडे मात्र उलट वारे होते. केंद्रीय लोकनिर्माण विभागाने १९९३ साली जंगलरक्षणाच्या हेतूने सरकारी बांधकामांत लाकूड वापरण्यास मनाई केली आणि ती २०२० साली उठली. हेतू चांगलाच होता. पण एवढ्या वर्षांत लाकडाचा हिशेब मांडणारे इंजिनीअर आणि सांधे जाणणारे सुतार दोघेही दुर्मीळ झाले, हे आम्ही शोध घेताना पदोपदी अनुभवले.

आता आमच्या चुकीकडे वळू. आम्ही म्हणालो होतो, सालाला काही होत नाही. हे अर्धसत्य होते. साल, ज्याला येथे सरई म्हणतात, हा आपल्या राज्याचा राज्यवृक्ष. इमारती लाकडाच्या भारतीय मानकांत ताठपणाच्या दृष्टीने तो पहिल्या गटात बसतो, साग त्याच्या खालच्या गटात. एका घनमीटरचे वजन आठशे किलोंच्या वर. रेल्वेच्या स्लीपरांसाठी एके काळी त्याची किती तोड झाली हे जुन्या मंडळींना आठवत असेल. पण साल वाळतो फार हळू आणि वाळताना त्याला भेगा जातात. त्याचा गाभा टिकाऊ, बाहेरचे पांढरे लाकूड मात्र किडीला आणि बुरशीला बळी पडते. ओले लाकूड वाळताना लांबीला जवळजवळ आकसत नाही, आडव्या अंगाने मात्र शेकडा चारपाच भाग आकसते. पंचवीस सेंटिमीटर रुंदीच्या तुळईत हा फरक दहाबारा मिलिमीटरांचा होतो. श्रावणात आणलेले ओले लाकूड रायपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या वैशाखवणव्यात आकसले, खाचेतली कूस सैल झाली, बोल्टांभोवती फट पडली. यात आश्चर्य ते काय? आश्चर्य एवढेच, की हे आधी सांगणारा धमतरीकडचा म्हातारा सुतार तेथे हजर होता. ‘‘एक उन्हाळा जाऊ द्या,’’ असे तो म्हणाला होता. नाताळची घाई होती, आणि साहेबांचा सल्ला कामाला आला.

परंतु टेकू सुटण्याचे कारण एवढेच नव्हते. एका निवृत्त अभियंत्यांनी, जे या सभागृहात बसले आहेत आणि ज्यांनी आपले नाव घेऊ नये असे बजावले आहे, त्यांनी आम्हांला कागदावर आकडे मांडून दाखवले. मनोरा नऊ मीटर उंच, पायथा तीन मीटर चौरस, घंटा आठ मीटरांवर. घंटा स्थिर असेल तर चार खांबांपैकी प्रत्येकावर तिचा भार पन्नास किलो. लहान मूलही हसेल. पण तीच घंटा दोन्ही बाजूंना साठसाठ अंश डोलू लागली, की आडवा रेटा सुमारे दीडशे किलोंचा होतो. तो आठ मीटर उंचीवर लागतो आणि पायथा तीनच मीटरांचा. म्हणून एका बाजूच्या दोन खांबांवर मिळून चारशे किलो अधिक दाब पडतो आणि समोरच्या दोन खांबांना तेवढीच उचल बसते. पुढच्या क्षणी सगळे उलट. वाऱ्याचा हिशेब याहून मोठा आहे. मानकांप्रमाणे रायपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरतात, आणि त्या वाऱ्याची उचल घंटेच्या कित्येक पट भरते. दगडी मनोऱ्याला त्याचे स्वतःचे वजन जागेवर धरून ठेवते. लाकडी मनोरा हलका, त्याला जोत्याशी पोलादी गजांनी बांधूनच ठेवावे लागते.

‘‘मग घंटेला घाबरायचे कारण काय, वाऱ्यासाठी केले की झाले,’’ असे आम्ही म्हणालो. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर आम्हांला या साऱ्या अभ्यासाचे सार वाटते. असा वारा आयुष्यात एखाद्या वेळी येतो. घंटा दर रविवारी येते.

ते असे. प्रत्येक उंच वस्तूची डोलण्याची आपली एक चाल असते. आमच्या घंटेएवढी घंटा मिनिटाला सुमारे तीस पुरे झोके घेते. पण तिचा रेटा साधा नसतो. त्यात तीसच्या चालीबरोबरच तिप्पट वेगाची, म्हणजे नव्वदची एक चाल दडलेली असते. मनोऱ्याची स्वतःची चाल जर या नव्वदच्या जवळ आली, तर झोपाळ्याला बरोबर वेळेवर हात लावल्यासारखे होते आणि दर झोक्याला डोलणे वाढत जाते. तिरपे टेकू घट्ट बसवलेला नऊ मीटरांचा मनोरा ताठ असतो, त्याची चाल मिनिटाला दोनशेच्या आसपास किंवा वर असावी. तो सुरक्षित. पण सांधे सैल झाले की ताठपणा कमी होतो आणि त्याची चाल खाली खाली येऊ लागते, नव्वदच्या दिशेने. म्हणजे सैल मनोऱ्याला घंटा अधिक हलवते आणि अधिक हललेला मनोरा अधिक सैल होतो. नाताळात जो मनोरा निर्धास्त होता तोच वैशाखात धोक्याचा झाला, तो या फेऱ्यामुळे. आमच्या त्या मुलाने दोर काही जास्त जोराने ओढला नव्हता.

उपाय काय? अनेक आहेत. घंटा स्थिर ठेवून हातोड्याने वाजवता येते, देवळासारखी. घंटेच्या दांड्यावर वरच्या अंगाला प्रतिभार बसवला की रेटा पुष्कळ कमी होतो. गुरुजींच्या मंडळींनी घंटा डोललीच पाहिजे असे ठरवले, कारण त्यांच्या कानांना तोच नाद घंटेचा नाद वाटतो. तरुणांपैकी काहींनी ध्वनिवर्धकावर ध्वनिमुद्रित घंटानाद लावण्याची सूचना केली. ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. आम्हांला त्या तरुणांचा राग आला नाही. त्यांना मनोऱ्याखाली पुन्हा कुणाचे मूल उभे करायचे नव्हते.

शेवटी जी आखणी ठरली ती अशी आहे. उंची नऊ मीटरांवरून सातवर आणली. घंटा तिच्या शिखरापासून पुष्कळ खाली बसेल. चार खांब वर आत झुकलेले, पायथा साडेतीन मीटरांचा. खांब जमिनीत पुरायचे नाहीत. दोन फूट उंचीच्या दगडी जोत्यावर पोलादी खुर्च्यांत उभे करायचे, म्हणजे बुंध्याला पाणी आणि वाळवी दोन्ही लागणार नाहीत. घंटेची चौकट मनोऱ्याच्या भिंतींना न चिकटवता खालच्या तुळयांवर सुटी बसवायची. छपराची पाखे चांगली बाहेर काढायची आणि नाद बाहेर जावा पण झड आत येऊ नये म्हणून चारी अंगांनी तिरप्या पट्ट्यांच्या झडपा. वीजवाहक सळई अर्थातच. आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक बोल्टापर्यंत पान्हा पोचला पाहिजे आणि प्रत्येक टेकू बाकीच्यांना हात न लावता काढून दुसरा घालता आला पाहिजे. अभियंत्यांनी पहिल्या नकाशात सांधे सुबक लाकडी आवरणाखाली झाकले होते. धमतरीच्या सुताराने ते आवरण काढायला लावले. जे दिसत नाही ते कुणी आवळीत नाही, असे त्याचे म्हणणे. या वेळी साहेबांनी मध्ये तोंड घातले नाही.

जुने लाकूड वाया गेलेले नाही. एक उन्हाळा काढलेले सालाचे वासे तासून घेतल्यावर त्यांतले निम्म्याहून अधिक उपयोगी ठरले. नवे लाकूड प्रार्थनामंदिरामागच्या पत्र्याच्या छपराखाली पट्ट्या घालून थराथराने रचून ठेवले आहे, टोकांना डांबर फासले आहे. त्याला दोन उन्हाळे द्यायचे ठरले आहे. त्यातला एक झाला. मधल्या काळात घंटा ओसरीवरून उठवून अंगणात जेमतेम पुरुषभर उंचीच्या एका आडव्या तुळईवर स्थिर टांगली आहे आणि दर रविवारी हातोड्याचे टोले देऊन वाजवतात. नाद लांब जात नाही. गुरुजींना तो पसंत नाही, पण ते येतात आणि स्वतः पहिला टोला देतात. दोर ओढणारा तो मुलगा दुसरा देतो.

गुरुजींनी एक वही घातली आहे. मनोरा उभा राहिल्यावर वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्याच्या अखेरीस आणि एकदा दसऱ्यानंतर, सगळे बोल्ट आवळायचे, पाचरी ठोकायच्या आणि खाली उभे राहून झोक्यागणिक मनोरा किती डोलतो ते मोजून लिहायचे. प्रत्येक खेपेला कोण जाणार, त्यांची नावे पुढच्या दहा वर्षांसाठी आताच मांडली आहेत. पहिल्या पानावर मे महिन्यापुढे आमचे नाव आहे. त्या नावापुढे ‘पान्हा स्वतःचा आणणे’ असा शेराही आहे.